पेट्या वाढल्या, वेग घटला!

महाविद्यालयांच्या आवारात बिनतारी इंटरनेट पुरविताना खर्चाचा विचार होतो, यंत्रांच्या संख्येचाही होतो. मात्र ती यंत्रे कोणत्या चॅनेलवर चालवायची, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही. नेमके तिथेच सारे बिघडते.

मोबाईलच्या पडद्यावर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरीही साधे पान उघडत नाही, हा अनुभव वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांना नवा नाही. रात्री दहानंतर तर तो हमखास येतो. कोणाची नोकरीची ऑनलाइन मुलाखत ऐन वेळी तुटते, कोणाच्या प्रकल्पाची फाइल मुदत संपत आली तरी अर्ध्यावर अडकून राहते. तक्रारी वाढल्या की संस्थेचा उपायही ठरलेला असतो. निविदा निघते आणि आणखी अॅक्सेस पॉइंट बसविले जातात. छताला वा भिंतीला लावलेल्या, हिरवा-निळा दिवा लुकलुकणाऱ्या या पांढऱ्या पेट्या. पेट्या वाढल्या म्हणजे वेग वाढेल, हे तर्काला धरूनच आहे. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा उलटेच घडते. रेघा पूर्वीपेक्षा भरगच्च दिसू लागतात आणि वेग पूर्वीपेक्षाही खाली जातो. मग इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला दूषणे दिली जातात. पण दोष तारेत नसतो. तो हवेत असतो.

हवेतील हा दोष समजून घेण्यासाठी रेडिओचे उदाहरण सोयीचे आहे. मुंबईत एफएम ऐकणाऱ्यांना ९१.१, ९२.७, ९३.५, ९४.३ हे आकडे तोंडपाठ असतात. एकाच शहरातील दोन खासगी एफएम केंद्रांच्या वारंवारतेत किमान ८०० किलोहर्ट्झचे अंतर राखलेले असते, ते उगाच नव्हे. दोन केंद्रे फार जवळ आली तर एकाचे गाणे दुसऱ्याच्या बातम्यांत मिसळेल. वाय-फाय हाही शेवटी रेडिओच. फरक इतकाच की, एफएम केंद्रांना वारंवारता सरकार वाटून देते आणि वाय-फायच्या पट्ट्यात मात्र ज्याने त्याने आपापले पाहायचे असते.

हा मोकळेपणा जाणूनबुजून दिलेला आहे. अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाने मे १९८५ मध्ये काही रेडिओपट्टे परवान्याविना दळणवळणास खुले केले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांतलाच. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. त्यामुळे संदेशवहनाच्या दृष्टीने ही जागा टाकाऊच मानली जात होती. या टाकाऊ जागेवर पुढे १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आले आणि १९९९ मध्ये त्याची ८०२.११बी ही आवृत्ती. वाय-फाय हे नाव रूढ झाले ते तेव्हापासून. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा ठराविक शक्तिमर्यादेत परवान्याविना वापरण्याची मुभा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने मिळाली. त्यानंतरच आवारेच्या आवारे बिनतारी करण्याचा मार्ग आपल्याकडे खऱ्या अर्थाने मोकळा झाला.

तेरा म्हणजे तीनच

या पट्ट्याची एकूण रुंदी आहे ८३.५ मेगाहर्ट्झ. त्यात भारतात १ ते १३ असे तेरा चॅनेल वापरता येतात. तेरा हा आकडा ऐकून कोणालाही हायसे वाटेल. पण या आकड्यात एक फसवणूक दडलेली आहे. लगतच्या दोन चॅनेलच्या मध्यबिंदूंमध्ये अंतर आहे केवळ ५ मेगाहर्ट्झचे, आणि प्रत्यक्ष प्रक्षेपणाला रुंदी लागते २० ते २२ मेगाहर्ट्झ. म्हणजे तेरा खुर्च्या मांडल्या आहेत खऱ्या, पण बसणारा प्रत्येक जण चार खुर्च्यांहून अधिक जागा व्यापतो! चॅनेल १ चा मध्य २४१२ मेगाहर्ट्झवर, ६ चा २४३७ वर आणि ११ चा २४६२ वर. या तिघांमध्ये प्रत्येकी २५ मेगाहर्ट्झचे अंतर पडते आणि ते एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. म्हणून जगभरचे जाणकार १, ६ आणि ११ हीच त्रयी वापरतात.

यावर एक युक्ती वारंवार सुचविली जाते. तीन चॅनेल अपुरे पडतात, तर १, ४, ८, ११ असे चार घेऊन थोडी दाटीवाटी सोसावी, असा तो विचार. दिसायला हा व्यवहारी तोडगा आहे. परिणाम मात्र वाईट होतो. तो का, हे कळण्यासाठी वाय-फायची शिस्त समजून घ्यावी लागते.

वाय-फायचे प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकते. त्याच चॅनेलवर दुसरे कोणी बोलत असेल तर थांबते. शांतता झाली की आणखी थोडा, यादृच्छिक वेळ वाट पाहते आणि मगच आपला निरोप पाठविते. निरोप पोचल्याची पावती आली नाही, तर तो पुन्हा पाठविते. एखाद्या सभ्य बैठकीसारखाच हा प्रकार. त्यामुळे दोन अॅक्सेस पॉइंट एकाच चॅनेलवर असले आणि त्यांना एकमेकांचे ऐकू येत असले, तर ते वेळ वाटून घेतात. दोघांचा वेग घटतो; पण काम चालते.

याउलट एक पेटी चॅनेल ४ वर आणि शेजारची ६ वर असेल तर? तेव्हा एकीचे बोलणे दुसरीला भाषा म्हणून कळत नाही, केवळ गोंगाट म्हणून ऐकू येते. शेजारशेजारच्या दोन गणेश मंडळांचे ध्वनिक्षेपक एकाच वेळी सुरू असावेत आणि मधल्या घरातल्यांना दोन्हींतले एकही गाणे धड कळू नये, तशी गत होते. निरोप बिघडतात, पावत्या येत नाहीत, तेच तेच पुन्हा पाठवावे लागते आणि पुन्हा पाठविलेल्या निरोपांनी गोंगाट आणखी वाढतो. थोडक्यात, अर्धवट वेगळ्या चॅनेलपेक्षा एकच चॅनेल बरा. घरच्या राउटरला 'कोणी वापरत नाही' म्हणून चॅनेल ३ किंवा ९ लावून देणारे हौशी तंत्रज्ञ गृहनिर्माण संस्थांतही कमी नाहीत. शेजाऱ्यांच्या दोन-दोन चॅनेलचे आणि आपलेही एकदम नुकसान करण्याची ती उत्तम रीत आहे.

१, ५, ९, १३ हा चौकडीचा पर्याय मात्र सरसकट मोडीत काढण्यासारखा नाही. १९९९ च्या जुन्या आवृत्तीनंतरची यंत्रे २० मेगाहर्ट्झच वापरतात आणि या चौघांत नेमके तेवढे अंतर पडते. तरीही त्यात अडचणी आहेत. अमेरिकी बाजारासाठी बनलेली काही उपकरणे चॅनेल १३ कडे पाहतच नाहीत. आणि आवाराच्या कुंपणापलीकडे सगळे १-६-११ वर असतील, तर आपला ९ हा त्यांच्या ६ आणि ११ या दोघांवरही आदळतो. एकाकी डोंगरावरच्या संस्थेला तो चालेल, भर शहरातल्या महाविद्यालयाला नाही.

पिट्सबर्गचा धडा

आवारभर वाय-फाय कसे आखावे, याचा पहिला मोठा धडा अमेरिकेतील पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने घालून दिला. तिथे प्रा. अॅलेक्स हिल्स यांच्या पुढाकाराने गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'वायरलेस अँड्र्यू' हा प्रकल्प सुरू झाला. अँड्र्यू हे विद्यापीठाच्या संगणकजाळ्याचे नाव. अँड्र्यू कार्नेगी आणि अँड्र्यू मेलन या दोघांवरून आलेले. प्रारंभी तो संशोधनापुरता होता आणि ९०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चाले. नंतर त्याने २.४ गिगाहर्ट्झचे नवे मानक स्वीकारले आणि सारे आवार कवेत घेतले. हिल्स यांनी या कामाची पद्धत नोव्हेंबर २००१ मध्ये एका तांत्रिक नियतकालिकात सविस्तर मांडली आणि पुढे २०११ मध्ये त्यावर सर्वसामान्यांसाठी पुस्तकही लिहिले.

त्या पद्धतीचे सार असे. कागदावर नकाशा काढून पेट्या वाटून टाकायच्या नाहीत. आधी एक पेटी तात्पुरती ठेवायची, मोजमापाचे साधन घेऊन इमारतीत फिरायचे आणि तिचा सिग्नल कुठवर खरोखर पोचतो हे नोंदवायचे. मग दुसरी. सगळ्या जागा निश्चित झाल्यावरच चॅनेल वाटायचे, आणि तेही अशा रीतीने की एकाच चॅनेलच्या दोन पेट्यांची क्षेत्रे एकमेकांत शक्य तितकी कमी मिसळतील. हे मोजमाप जिकिरीचे असल्याने हिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने पुढे त्यासाठी चाकांवर ढकलत नेण्याचे एक साधनही तयार केले. चाकांच्या फेऱ्यांवरून ते आपण इमारतीत कुठे आहोत हे ओळखी आणि सिग्नलची नोंद करीत जाई.

चॅनेल वाटण्याच्या या कोड्याचे गणितज्ञांशी जुने नाते आहे. नकाशातील कोणतेही दोन शेजारी प्रदेश एका रंगात येऊ नयेत, तर किमान किती रंग लागतील? १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री या तरुणाला पडलेला हा प्रश्न. चार रंग पुरतात, हे सिद्ध व्हायला १९७६ साल उजाडले. केनेथ अॅपल आणि वोल्फगांग हाकेन यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात संगणकाच्या साहाय्याने ते सिद्ध केले. आता गंमत पाहा. नकाशाला चार रंग लागू शकतात आणि वाय-फायच्या जुन्या पट्ट्यात रंग आहेत तीनच! षटकोनी मधमाशांच्या पोळ्यासारखी आखणी केली तर तीन रंगांत भागते. पण महाविद्यालयाची इमारत म्हणजे पोळे नव्हे.

शिवाय नकाशा सपाट असतो आणि इमारतीला मजले असतात. चार रंगांचा सिद्धान्त घनाकार जागेला लागूच पडत नाही. चार मजली वसतिगृहाचा विचार करा. प्रत्येक मजल्यावर एक लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना खोल्या, आणि व्हरांड्याच्या छताला ओळीने पेट्या. तळमजल्यावर तंत्रज्ञाने १-६-११-१ असा क्रम लावला आणि तोच वरच्या प्रत्येक मजल्यावर गिरवला, तर आराखडा दिसायला अगदी नीटनेटका. पण अशाने १ च्या डोक्यावर १, त्याच्याही डोक्यावर १ अशी उतरंड रचली जाते. मधला काँक्रीटचा स्लॅब सिग्नल कित्येक पटींनी क्षीण करतो हे खरे. तथापि वरची पेटी तीन मीटरवर असते आणि व्हरांड्यातील त्याच चॅनेलची दुसरी पेटी तीस मीटरवर. अंतर दहापट झाले की मोकळ्या जागेत सिग्नलची शक्ती शंभराव्या हिश्शावर येते. त्यामुळे स्लॅबपलीकडची पेटीही व्हरांड्यातल्या पेटीइतकीच त्रासदायक ठरू शकते. म्हणून वरच्या मजल्यावर क्रम सरकवून ११-१-६-११ असा लावायचा, त्यावर ६-११-१-६. विटांची भिंत रचताना गवंडी सांधा सांध्यावर येऊ देत नाही, तसे.

व्हरांड्यात पेट्या लावण्याची पद्धत मुळातच सदोष आहे, हेही इथे नमूद केले पाहिजे. लावायला आणि दुरुस्तीला ती सोपी, म्हणून कंत्राटदारांना प्रिय. पण व्हरांडा हा सिग्नलसाठी नळासारखा असतो. एका टोकाची पेटी दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाते आणि ज्यांच्यासाठी ती लावली, ते विद्यार्थी मात्र भिंतीआड. पेटी खोल्यांत गेली तर भिंतीच आपले काम करतात आणि एका क्षेत्राचा आवाज दुसऱ्यात जाऊ देत नाहीत. जुन्या दगडी इमारतींत तर या भिंती फारच उपयोगी पडतात.

मोठा आवाज, मोठी अडचण

सिग्नल कमी पडतो म्हणून पेटीची शक्ती कमाल ठेवायची, हीदेखील अशीच एक लोकप्रिय चूक. पेटीचा आवाज मोबाईलपर्यंत पोचेल. मोबाईलचा पेटीपर्यंत पोचेल का? मोबाईलची प्रक्षेपणशक्ती बहुधा पेटीहून कमी असते. परिणामी रेघा भरलेल्या दिसतात आणि उत्तर मात्र जात नाही. त्यातच कोणत्या पेटीला जोडून घ्यायचे हा निर्णय मोबाईलचा असतो, पेटीचा नव्हे. सगळ्याच पेट्या मोठ्याने ओरडत असतील, तर खालच्या मजल्यावर जोडलेला मोबाईल तिसऱ्या मजल्यावर गेला तरी जुनी पेटी सोडत नाही. दाट वस्तीच्या आवारात शक्ती कमी करणे हा पेट्या वाढविण्याइतकाच महत्त्वाचा उपाय आहे, आणि त्याला खर्च शून्य येतो. कदाचित म्हणूनच तो निविदेत दिसत नाही.

दुसरा फुकटचा उपाय नावांचा. विद्यार्थ्यांसाठी एक, प्राध्यापकांसाठी दुसरे, पाहुण्यांसाठी तिसरे, परीक्षेसाठी चौथे अशी नेटवर्कची नावे संस्था वाढवीत जातात. यांतील प्रत्येक नावाची दवंडी प्रत्येक पेटी सेकंदाला सुमारे दहा वेळा पिटते. नेमके सांगायचे तर दर १०२.४ मिलिसेकंदांनी. ही दवंडी सर्वांत कमी वेगाने दिली जाते, कारण जुन्यातल्या जुन्या यंत्रालाही ती कळावी. हिशेब करून पाहू. सुमारे ३०० बाइटची दवंडी सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने दिली तर तिला २.६ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका नावापायी चॅनेलचा अडीच टक्के वेळ गेला. चार नावे असतील तर दहा टक्के. आणि एकमेकींना ऐकू येणाऱ्या अशा पाच पेट्या एकाच चॅनेलवर असतील, तर निम्मा वेळ दवंड्यांतच खर्ची पडतो. अजून एकाही विद्यार्थ्याने एकही पान उघडलेले नाही! हाच किमान वेग १२ मेगाबिटवर नेला तर तो वेळ बाराव्या हिश्शाच्या आसपास येतो. १९९९ च्या मानकावरची यंत्रे आता क्वचितच कोणाकडे उरली असतील. त्यांच्यासाठी साऱ्या वसतिगृहाने का थांबावे?

यातून पेट्या वाढल्यावर वेग का घटतो, याचे उत्तर मिळते. चॅनेल तीन आणि एकमेकींच्या कानावर पडणाऱ्या पेट्या तीस असतील, तर सरासरी दहा-दहा पेट्या एकाच चॅनेलवर रांग लावून उभ्या राहतात. अकरावी पेटी त्या रांगेत भरच घालते.

२.४ च्या पट्ट्यातले इतर रहिवासी वेगळेच. ब्लूटूथ हा त्यातल्या त्यात समंजस; २००३ पासूनच्या आवृत्त्या वाय-फायने व्यापलेल्या वारंवारता ओळखून त्या टाळतात. उपाहारगृहातील मायक्रोवेव्ह ओव्हनला मात्र असली जाण नसते.

नवे रस्ते

या कोंडीतून सुटका ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याने केली. तिथे २० मेगाहर्ट्झचे, एकमेकांवर न चढणारे सुमारे पंचवीस चॅनेल आहेत. भारतात २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या अधिसूचनेने या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्झ जागा परवान्याविना खुली झाली. तीन रंगांच्या जागी पंचवीस रंग मिळाले, तर मजल्यांचे कोडेही आटोक्यात येते. शिवाय या लहरी भिंतींत लवकर क्षीण होतात. घरमालकाला तो दोष वाटेल, आवार आखणाऱ्याला तो गुण.

दुर्दैवाने इथेही संस्था आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात. जाहिरातीतला वेग मिळावा म्हणून पेट्यांवर ८० मेगाहर्ट्झ रुंदीचे चॅनेल लावले जातात. चार चॅनेल जोडून एक केला की पंचवीसचे सहा होतात आणि १६० मेगाहर्ट्झवर गेले तर केवळ दोन. म्हणजे पुन्हा जुनेच दुखणे. एकट्या घरात रुंद चॅनेल शोभतो. शेकडो जणांच्या वसतिगृहात २० किंवा फार तर ४० मेगाहर्ट्झच बरे. वेगचाचणीचा आकडा थोडा कमी दिसेल, पण तो सर्वांना मिळेल.

या पट्ट्याच्या मधल्या भागात रडारही आहेत. अनेक देशांत असा नियम आहे की, तिथले चॅनेल वापरण्यापूर्वी पेटीने किमान एक मिनिट कान देऊन ऐकावे, रडारची चाहूल लागताच दहा सेकंदांत चॅनेल सोडावा आणि अर्धा तास त्याकडे फिरकू नये. विमानतळ वा हवामान केंद्राजवळच्या आवारात या नियमामुळे पेट्या अचानक चॅनेल बदलतात आणि चालू असलेला वर्ग तुटतो. अशा ठिकाणी परीक्षेच्या दालनांना ३६ ते ४८ हे रडारमुक्त चॅनेल राखून ठेवणे शहाणपणाचे. त्यापुढचा, ६ गिगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये खुला केला. भारताच्या दूरसंचार विभागाने त्याच्या खालच्या भागासाठी, म्हणजे ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झसाठी, मे २०२५ मध्ये नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला.

हे सारे आपोआप होत नाही का? होते. आजकालच्या पेट्यांत स्वयंचलित चॅनेल निवड असते आणि मोठ्या आवारांत एक मध्यवर्ती नियंत्रक सगळ्यांचा मेळ घालतो. पण तो पेट्यांना काय ऐकू येते त्यावरून निर्णय घेतो. खोलीच्या कोपऱ्यातल्या मोबाईलला काय ऐकू येते, हे छतावरच्या पेटीला ठाऊक नसते. नियंत्रक नसलेल्या सुट्या पेट्यांचे तर विचारूच नये. वीज जाऊन परत आली की सगळ्या एकदम जाग्या होतात, एकदम ऐकतात, सगळ्यांना एकच चॅनेल रिकामा दिसतो आणि सगळ्या त्यावर तुटून पडतात, असाही प्रसंग ओढवतो.

उरतो प्रश्न विद्यार्थ्यांनी खोलीत स्वतःच आणून लावलेल्या राउटरचा आणि मोबाईल हॉटस्पॉटचा. संस्थेचे जाळे चालत नाही म्हणून विद्यार्थी राउटर आणतात आणि राउटर आले म्हणून संस्थेचे जाळे आणखी चालत नाही. काही प्रशासनांना ते खोटे संदेश पाठवून पाडण्याचा मोह होतो. अमेरिकेत ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅरियट या हॉटेल कंपनीला नेमक्या याच कारणासाठी सहा लाख डॉलर भरावे लागले होते. नॅशव्हिल येथील हॉटेलात पाहुण्यांचे खासगी हॉटस्पॉट तिने बंद पाडले होते. खुल्या पट्ट्यात कोणाचीच मालकी नसते, संस्थेचीही नाही. तिथे चालते ते विद्यार्थ्यांशी ठरविलेले नियमच: राउटर लावायचाच तर ५ गिगाहर्ट्झवर, कमी शक्तीवर आणि २० मेगाहर्ट्झच्या रुंदीत.

आणि मोजणी सुट्टीत करून उपयोग नाही. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि ते या लहरी शोषून घेते. रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा सिग्नल भरल्या सभागृहात अडखळतो. कंत्राटदार मे महिन्यात, वसतिगृह ओस पडलेले असताना, सर्वेक्षण उरकून अहवाल देतात. जुलै-ऑगस्टमध्ये, मुले आल्यावर, रात्री दहा ते बारा या वेळात तेच मोजमाप पुन्हा करण्याची अट करारात घालता येते.